तंबोऱ्यावर बसायची वर्षं

थाटीपुर हा ग्वाल्हेरमधला नोकरदारांचा भाग. लश्कर आणि मुरार यांच्या मधली ही वस्ती सरकारी क्वार्टर्समुळे ओळखली जाते. इथल्या मराठी घरांत स्वयंपाकघरात मराठी चालते, दाराबाहेर हिंदी, आणि मुलं नोकरीला लागली की त्यांच्या तोंडी इंग्रजी येते. पहिल्या नोकरीचं पत्र आलं की ते आधी देवापुढे ठेवतात, मग शेजारी पेढे जातात. मुलगी किंवा मुलगा पुण्याला, बंगळूरला, नोएडाला रुजू होतो आणि दोन-तीन महिन्यांत रात्रीच्या फोनवर वेगळंच बोलणं सुरू होतं. ‘आई, बाकीच्यांना सगळं येतं गं. मलाच काही येत नाही. यांनी मला चुकून घेतलंय, आणि एक दिवस ते यांच्या लक्षात येणार.’ आई म्हणते, अरे, तू शाळेत कधी पहिला नंबर सोडला नाहीस. वडील म्हणतात, आत्मविश्वास ठेव. फोन ठेवला जातो आणि भीती होती तिथेच राहते.

या भीतीकडे आपण त्या त्या मुलाचा कच्चा दुवा म्हणून पाहतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. नव्या कामात शिरणाऱ्या माणसाला कच्चं असण्याची मुदत देणारी एक व्यवस्था बहुतेक जुन्या व्यवसायांत होती. ती व्यवस्था मोडली, मुदत गेली, आणि पहिल्या दिवसापासून पिकलेलं दिसण्याची सक्ती आली. आत्मविश्वासाची व्याख्यानं देऊन ही पोकळी भरणार नाही. ग्वाल्हेरच्या अडीचशे वर्षांकडे पाहिलं तर हे फार स्पष्ट दिसतं, कारण हे शहर बाहेरून आलेल्या, नवं काम अंगावर घेतलेल्या माणसांनीच घडवलं आहे. लश्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा १८१० मधला तळ. तळ उठला नाही, शहर झालं. दक्षिणेतून आलेल्या त्या कुटुंबांपैकी बहुतेकांना इथली भाषा, इथला महसूल, इथली माणसं सगळंच नवं होतं.

‘आपण तोतये आहोत आणि पकडले जाणार’ या भावनेचा पहिला गाजलेला अभ्यास १९७८ सालचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघींनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून तो लिहिला. या स्त्रियांकडे पदव्या होत्या, मानमरातब होता, आणि तरी आपलं यश हा नशिबाचा किंवा परीक्षकांच्या चुकीचा भाग आहे असं त्यांना मनोमन वाटत होतं. क्लान्स आणि आइम्स यांनी याला आजार म्हटलं नव्हतं. रोगाचं नाव मागाहून लोकांनी जोडलं. त्यांच्या लेखातली एक गोष्ट मात्र मागे पडली, ती परत पुढे आणायला हवी. या स्त्रियांना एकत्र बसवून बोलतं केलं की फरक पडतो, असं त्यांनी नोंदवलं होतं. समोरची हुशार बाई स्वतःला नालायक म्हणते तेव्हा ते किती निराधार आहे हे ऐकणारीला लगेच दिसतं, आणि मग स्वतःबद्दलचा तोच आरोप ढिला पडू लागतो.

मराठी इतिहासात एक खराखुरा तोतया आहे, त्यामुळे या मानसिक तोतयाला त्याच्या शेजारी उभं करून पाहता येतं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा एक इसम उभा राहिला. तो कैदेत पडला, रत्नागिरीहून सुटला, कोकणात त्याच्याभोवती फौज जमली, लोक त्याच्या नावाने लढायला तयार झाले. १७७६ मध्ये त्याचा बंदोबस्त झाला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा मिळाली. त्याच्यावर चालून गेलेल्या सरदारांत महादजी शिंदे होते. दुसऱ्याचं आयुष्य अंगावर चढवलेला हा माणूस आपला दावा ठासून सांगत राहिला. त्याला डगमग नव्हती, आणि असती तर तो पहिल्या महिन्यातच पकडला गेला असता.

याउलट महादजींचं पाहा. पानिपतापर्यंत शिंदे घराण्यातली दत्ताजी आणि जनकोजींची पिढी संपली होती. दत्ताजी तर वर्षभर आधीच बुराडी घाटावर पडले होते. महादजी स्वतः पानिपताच्या पळापळीत पायाला जखम होऊन वाचले आणि जन्मभर लंगडत राहिले. त्यांच्या जन्मावर बोट ठेवून त्यांचा वारसा नाकारणारे होते, घरातच दुसरे दावेदार होते, पुण्याच्या दरबारात गट होते. सरदारी त्यांच्या हाती पक्की व्हायला काही वर्षं गेली. म्हणजे ज्याला आपण उत्तरेतला सर्वांत मोठा मराठा मुत्सद्दी मानतो, त्याने कारकिर्दीची सुरुवात ‘याचा इथे काय हक्क?’ हा प्रश्न झेलत केली. हा माणूस पुढे दिल्लीच्या बादशहाचा सर्वेसर्वा झाला, तरी स्वतःला पाटीलच म्हणवत राहिला. १७९२ मध्ये वकील-इ-मुत्लकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, सनद पेशव्यांना द्यायला पुण्यात आले, तेव्हा इतर सरदारांच्या खाली बसले आणि बगलेतल्या बासनातून जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले. आमच्या वडिलांचं हेच काम, म्हणाले. ही हकीकत इंग्रज अधिकारी माल्कमने नोंदवली आहे. कित्येकांना त्यात निव्वळ डावपेच दिसला, आणि महादजींसारख्या माणसाच्या कृतीत डावपेच नसेल असं मीही म्हणणार नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सनदा, किताब, फर्मानं यांच्या वादळात उभं राहायला त्यांना एक जमीन लागत होती, जी कोणी काढून घेऊ शकणार नाही. पाटीलकी ही त्यांची ती जमीन होती. थाटीपुरातून गेलेल्या मुलाला ‘छोट्या गावातून आलोय’ हे लपवावंसं वाटतं. ते लपवण्यात त्याची निम्मी ताकद खर्ची पडते.

महादजींना पानिपताहून वाचवणारा राणेखान हा पखालवाला भिस्ती. त्याने जखमी महादजींना सुरक्षित दक्षिणेत आणलं, आणि महादजींनी त्याला भाऊ मानलं. १७८८ मध्ये गुलाम कादिरने दिल्लीत बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या शिंद्यांच्या फौजेत हाच राणेखान सेनापती होता. पखाल ते सेनापतीपद हे अंतर चालायला मधली २७ वर्षं होती. त्या वर्षांत त्याला लढाईजवळ राहायला मिळालं, मोठ्यांचे निर्णय कानावर पडले, लहान जबाबदाऱ्या मिळाल्या, मग मोठ्या. इतिहास लिहिताना आपण भिस्ती आणि सेनापती ही दोन टोकं सांगतो आणि मधली वर्षं गाळतो. नव्याने नोकरीला लागलेल्या पोराच्या कामाची नेमकी तीच वर्षं असतात.

मधल्या वर्षांची सर्वांत चांगली नोंद ग्वाल्हेरने ठेवली आहे ती गाण्यात.

ख्यालाचं आद्य घराणं म्हणून ज्याचा मान आहे त्या ग्वाल्हेर घराण्याच्या उगमाशीच एक हकीकत सांगतात. दौलतरावांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ हे तानेचे मोठे गवई होते. नत्थन पीरबक्ष यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे उमेदीतले पोरगे. दोन्ही घरांत वैर होतं, त्यामुळे मोहम्मद खाँ त्यांना शिकवणं शक्य नव्हतं. तेव्हा दौलतरावांनी या भावांना पडद्याआड बसवून मोहम्मद खाँचं गाणं ऐकवण्याची सोय केली. महिनोन्‌महिने ऐकून त्यांनी ती गायकी गळ्यात उतरवली, आणि एक दिवस दरबारात गाऊन दाखवली. मोहम्मद खाँ संतापले. ही हकीकत घराण्यातल्या पिढ्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितली आहे. ज्या गायकीकडे पुढे सारा महाराष्ट्र प्रमाण म्हणून पाहू लागला, तिच्या कर्त्यांनी आपण उचलून शिकलो हे झाकलं नाही. त्यांनी उचललेल्या गोष्टीवर इतकी मेहनत केली की ती त्यांची झाली. आज एखादी मुलगी दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम समोर ठेवून त्यावर आपला बसवते आणि रात्री झोपताना स्वतःला चोर म्हणते. तिने हद्दू-हस्सूंची गोष्ट ऐकावी, आणि पुढचा भागही ऐकावा: पडद्यामागून बाहेर आल्यावर रियाज थांबला नव्हता.

या भावांकडून गाणं मराठी माणसांकडे आलं. वासुदेवबुवा जोशी त्यांच्याकडे शिकले. वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आले. बाळकृष्णबुवा १८४९ चे. आधी धारला देवजीबुवांकडे राहिले, मग ग्वाल्हेरला. इचलकरंजी ते ग्वाल्हेर हे अंतर आज रेल्वेनेही लांब वाटतं. गुरुगृही पाणी भरायचं, लाकडं फोडायची, मधुकरी मागायची, आणि गाणं मिळेल तेव्हा घ्यायचं, अशी ती शिष्याची वर्षं असत. आपल्याला गाता येतं की नाही हा प्रश्न तिथे रोज उठत असणार. पण त्याचं उत्तर देणं शिष्याचं काम नव्हतं. ते गुरूचं काम होतं. गुरू सांगेपर्यंत मैफलीत शिष्य मागे तंबोरा धरून बसे. श्रोत्यांसमोर असे, पण जोखला जात नसे. स्वर कानाशी, उस्तादाची चूक आणि ती सावरण्याची रीत दोन हातांवर, आणि मधूनच गुरू मान वळवून ‘घे’ म्हणाला की एखादी जागा घ्यायची. चुकली तर गुरू ती पुढे नेऊन सावरून घेई. पुन्हा तंबोरा.

मला या मागच्या जागेइतकी शहाणी रचना दुसऱ्या कुठल्या व्यवसायात सहज आठवत नाही. ती नवख्याला लपवत नाही आणि उघडाही पाडत नाही. त्याचं कच्चेपण सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ‘पकडले जाऊ’ या भीतीला तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही. ज्याला आपण शिकाऊ आहोत हे जाहीर करता येतं, त्याच्याकडे उघडकीला येण्यासारखं काय उरतं? बाळकृष्णबुवा ती गायकी घेऊन दक्षिणेत परतले. त्यांच्या शिष्यांतले विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले, शाळेची वाट बंद झाली, म्हणून मिरजेला गाण्याकडे वळले. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीतशाळा चालवणारा, फी घेणारा, वर्ग भरवणारा गवई हा व्यवसाय तोवर या देशात जवळजवळ नव्हताच.

गुरुकुलाचं चित्र एवढंच रंगवून थांबलं तर ते खोटं होईल. तंबोरा धरायला कोणाला मिळत होता? बहुतेक वेळा विशिष्ट जातीच्या मुलांना, बहुतेक वेळा पुरुषांना, आणि गुरूची मर्जी असेपर्यंत. विद्या दडवणारे उस्ताद होते, शिष्याची दहा वर्षं पाणक्यासारखी वापरून त्याला दोन बंदिशी देणारे होते. मर्जी गेली तर दाद मागायला जागा नव्हती. नव्या काळाने हे दार मोडलं ते योग्यच झालं. पण दार मोडताना मागची जागाही गेली, आणि त्याचा हिशेब आपण अजून केलेला नाही.

दार मोडणाऱ्यांतलं मोठं नाव विष्णु नारायण भातखंडे. त्यांचं शिक्षण बी.ए., एल्‌एल.बी.; पेशा वकिली. मैफलीचे गवई नव्हते, हे त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं. वकिली करत करत त्यांनी मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत गाणं ऐकलं, शिकलं, देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी सुमारे १८०० बंदिशी स्वरलिपीत बांधल्या. १९१० मध्ये त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला तो स्वतःच्या नावाने केला नाही. कर्ता म्हणून ‘चतुर पंडित’ हे नाव घातलं. मग मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ लिहिताना त्या पंडिताचे दाखले दिले. जुन्या शास्त्राशी नातं सांगणारी संस्कृत आणि परका वाटेल असा कर्ता, ही योजना त्यांना गरजेची वाटली. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आलेल्या माणसाच्या शब्दाला वजन मिळणं तेव्हा किती अवघड होतं हे त्यावरून समजतं. मला या मुखवट्यात फसवणूक दिसत नाही. काम आधी उभं राहावं, माणूस मागाहून जोखला जावा, अशी त्यांची धडपड दिसते. भातखंड्यांची रागांची थाटांतली मांडणी सगळ्यांनी मान्य केली असं नाही, आजही वाद होतात. पण आज गाणं शिकणाऱ्या मुलाची पहिली वही बहुधा त्यांच्याच खुणांनी भरते.

१९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय काढलं ते भातखंड्यांच्या पद्धतीवर. शिकवणार कोण? ग्वाल्हेरमध्ये गवयांची वाण नव्हती, पण फळ्यावर स्वरलिपी लिहून, घंटेबरोबर, एका वर्गात अनेक मुलांना शिकवणारा त्यांच्यात कोणी नव्हता. तेव्हा दरबाराने काही गवयांना मुंबईला भातखंड्यांकडे शिकायला पाठवलं. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. १८८२ चा जन्म, म्हणजे पस्तिशी गाठलेली. शंकर पंडितांसारख्यांची तालीम घेतलेले, शहरात नाव असलेले. ते वही-पेन्सिल घेऊन एका वकिलासमोर बसले आणि खडूने शिकवण्याची नवी विद्या पहिल्यापासून शिकले. पुढे ते त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच शहरात, १९१४ मध्ये, शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी विशीच्या उंबरठ्यावर आपलं संगीत विद्यालय सुरू केलं होतं. एकाला वाटेत थांबून शिकावं लागलं, दुसऱ्याने लहानपणापासून घरात ऐकलेलं बाहेर आणलं. दोघांच्या मागे मुदत होती: एकाला दरबाराने दिलेली, दुसऱ्याला घराने.

माधवरावांच्या त्या निर्णयातली गोष्ट आजच्या कंपन्यांनी आणि खात्यांनी नीट पाहावी. नवं काम आणलं तेव्हा जुन्या, नावाजलेल्या माणसांना आधी शिकायला पाठवलं. ‘तुम्हांला हे येत नाही’ हे उघड बोललं गेलं, आणि त्यात कोणाचा पाणउतारा झाला नाही, कारण ते येण्याची सोयही त्याच हाताने केलेली होती.

गाण्याबाहेरही ही मुदत असे. संस्थानी आणि इंग्रजी कचेऱ्यांत पोरं आधी उमेदवारी करत: पगार नाही किंवा नावापुरता, हेडक्लार्कच्या टेबलाशेजारी बसायचं, मसुदे नकलायचे, कोणता अर्ज कुठल्या बस्त्यात जातो ते पाहायचं. पगार न देणं हा अन्यायच होता. शेजारी बसणं मात्र मोलाचं होतं. २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झालं, ग्वाल्हेर-इंदूरसह वीसहून अधिक संस्थानं त्यात आली, आणि काल दरबाराची चाकरी करणारे कारकून आज नव्या राज्याच्या मंत्र्यांच्या फायली लिहू लागले. निरनिराळ्या संस्थानांचे नियम, निरनिराळे वेतनक्रम, निरनिराळ्या लिप्यांच्या वळणी पडलेले हात एका सचिवालयात आले. सगळेच नवखे होते, आणि सगळ्यांनाच ते माहीत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य मध्यप्रदेशात विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि कित्येकांना पुन्हा नव्या शहरात नव्याने सुरुवात करावी लागली. थाटीपुरासारख्या वस्त्यांत त्या पिढीच्या आठवणी अजून घराघरांत ऐकीव आहेत. त्या पिढीने नातवंडांना निवृत्तीच्या सत्काराचे फोटो फार दाखवले. पहिल्या नोटशीटवर साहेबाने मारलेली लाल रेघ सांगितली नाही.

आजचा नवखा नेमका काय गमावून बसला आहे? त्याच्याकडे माहिती भरपूर आहे, ऐकणं गेलं. २०२० नंतर कित्येकांची पहिली नोकरी घरच्या खोलीतच सुरू झाली. शेजारच्या टेबलावर वरिष्ठ फोनवर कसा अडखळतो, मग कसा सावरतो, हे कानावर पडत नाही. दिसतं ते फक्त पूर्ण झालेलं काम. पडद्यावर सगळ्यांचं तयार गाणं आणि आपला मात्र रियाज, अशी तुलना झाली की कोणीही खचेल. त्यात मुलाखतीतच ‘सगळं येतं’ असं म्हणायला शिकवणारे क्लास आहेत. आधी येतं म्हणायचं, मग येत नाही हे लपवायचं: या मुलांना तोतयेपण आपणच गळ्यात घालतो आणि मग त्याची भीती बाळगू नका असं सांगतो.

मालिनी राजूरकरांचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. अजमेरच्या, गणिताच्या पदवीधर. मुलींच्या शाळेत तीन वर्षं गणित-रसायन शिकवत होत्या. मग शिष्यवृत्ती मिळाली, गोविंदराव राजूरकरांकडे गाणं शिकायला मिळालं, आणि त्या ग्वाल्हेर गायकीच्या अग्रगण्य गायिका झाल्या. त्या प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या होत्या. २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्या वाटचालीत गळा त्यांचा होता, कष्ट त्यांचे होते, आणि शिष्यवृत्तीची वर्षं ही दुसऱ्या कोणीतरी दिलेली मुदत होती. ती नसती तर अजमेरला एक चांगली गणितशिक्षिका असती आणि आपल्याला त्यांचं टप्पा-गायन ऐकायला मिळालं नसतं.

आणखी एक भेद करायला हवा. काहींच्या बाबतीत ही भीती आतून येत नाही, बाहेरून रोज पुरवली जाते. घरातली पहिली शिकलेली मुलगी, आरक्षणातून आलेला मुलगा, इंग्रजीचे उच्चार वेगळे असलेला कोणी. यांना ‘कसे आलात?’ हा प्रश्न शब्दांत किंवा नजरेत पुन्हा पुन्हा विचारला जातो. महादजींना विचारला गेला होता तसाच. तिथे त्या मुलाला मन घट्ट करायला सांगणं म्हणजे विचारणाऱ्याला सोडून देणं आहे. तिथे बदलायचं आहे ते कार्यालय, आणि ते बदलण्याची जबाबदारी खुर्चीवर बसलेल्यांची आहे.

प्रोबेशनची सहा महिने ते दोन वर्षांची मुदत आपल्याकडे कागदावर बहुतेक ठिकाणी आहे. ती सध्या केवळ काढून टाकण्याची सोय म्हणून वापरली जाते. तिचा उपयोग मागे बसण्यासाठी करता येईल: पहिल्या काही महिन्यांत नवख्याच्या नावावर स्वतंत्र काम नसावं, त्याला एका ठरलेल्या वरिष्ठाशेजारी बसवावं, त्या वरिष्ठाच्या कामाच्या मोजमापात हे शिकवणं धरलं जावं, एकाच वेळी लागलेल्या नवख्यांना आठवड्यातून एकदा वरिष्ठांशिवाय एकत्र बसता यावं, आणि ‘मला हे येत नाही’ असं लिहून देणाऱ्याची नोंद त्याच्या विरुद्ध जाऊ नये. पगार पूर्ण द्यावा. उमेदवारीतला तो जुना अन्याय परत आणण्याचं कारण नाही. थाटीपुरातल्या आईवडिलांनी रात्रीच्या फोनवर ‘तू हुशार आहेस’ म्हणण्याआधी एवढं विचारावं: तुझ्याशेजारी कोण बसतं, आणि ते तुला त्यांच्या चुका पाहू देतात का?